पेटी कुणी उचलायची

स्कॉटलंडला जाऊन आलेली मंडळी डोंगर, तळी आणि मेंढ्या यांच्याबद्दल लिहितात. मीही लिहीन, पण सुरुवात संडासापासून करणार आहे. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, आणि घर म्हटलं की तो आलाच. शिवाय आमच्या प्रवासात डोंगर बहुतेक वेळ ढगात होते. संडास मात्र रोज समोर होता.

नव्वदीच्या सुरुवातीचा एक उन्हाळा. आम्ही चौघं होतो, सगळे राणीच्या राजधानीत राहणारे: मी आणि माझी बायको सुशीला, पूर्वेकडच्या इल्फर्डचे; वसंत आणि त्याची बायको नलिनी, पश्चिमेकडच्या ईलिंगचे. मी शाळेत गणित शिकवतो. वसंत दातांचा डॉक्टर. आमच्या मैत्रीला सोळा-सतरा वर्षं झाली होती. सुशीलाच्या बाळंतपणात आमची थोरली त्यांच्याकडे आठवडाभर राहिली होती, नलिनीच्या हातचं जेवत होती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना ही माणसं वाईट होती असं वाटेल. वाईट माणसांशी माझं सतरा वर्षं जमलं नसतं.

दुसरी एक गोष्टही आधीच सांगायला हवी. वसंत सांगलीचा देशस्थ. आम्ही सातारा जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. एप्रिल महिन्यात कॅमडेनमधल्या एका घरासमोर आम्ही काही जण फुलं घेऊन उभे राहतो. कुणाचं घर ते मराठी वाचकाला सांगायला नको. ओळख झाली त्याच वर्षी मी वसंतला हे सगळं सरळ सांगून टाकलं होतं. कुणी मागून शोधून काढण्यापेक्षा ते बरं असतं. तो म्हणाला होता, "अरे यार, इथे कोण विचारतं? फर्गेट इट!" एका एप्रिलमध्ये तो कॅमडेनलाही आला आणि आमच्याबरोबर थंडीत कुडकुडत उभा राहिला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलताना शब्द तोलणं बंद केलं. आयुष्यात असं एकाच माणसाच्या बाबतीत केलं आहे.

निघण्याआधी

गाडी भाड्याने देणारा माणूस मोठा हौशी होता. गॅसच्या दोन शेगड्या, टेबलाचा पलंग कसा होतो, पाण्याची टाकी कुठे, सगळं त्याने दाखवलं. शेवटी मागच्या बाजूला जाऊन एक छोटंसं दार उघडलं. आत ड्रॉवरसारखी ओढून काढायची चपटी प्लास्टिकची पेटी होती. इंग्रजीत तिला कॅसेट म्हणतात. संडासाचं सगळं तिच्यात जमा होतं. भरली की आत लाल दिवा लागतो. मग ती उचलून न्यायची, नळी फिरवून खास जागी ओतायची, ओतताना वरचं बटण दाबून धरायचं, नाहीतर गुडगुड करत अंगावर उडतं. नंतर विसळायची आणि टोपणभर निळं औषध घालून परत जागेवर ढकलायची. तो हे सांगत होता तेव्हा वसंत नकाशा बघत होता आणि बायका डबे लावत होत्या. ऐकायला मी एकटा उभा होतो. एवढ्याने मी पेटीचा मालक झालो.

"चार माणसांना तीन दिवस आरामात पुरेल," असं त्याने सांगितलं. त्याच्या हिशेबात कागद होता. आम्ही चौघंही संडासात पाण्याचा जग घेऊन जाणारे. दर खेपेला तांब्याभर पाणी, ते सगळं पेटीत. गणिताचा मास्तर असून हे माझ्याही डोक्यात आलं नाही. या एका बाबतीत आम्हा चौघांत काही भेद नव्हता, हे त्यातल्या त्यात समाधान.

तळ्याकाठी

कॅम्पसाइटवर राहायचं नाही, मोकळ्या रानात, पाण्याच्या काठी राहायचं, हा वसंतचा हट्ट. "रांगेत गाड्या लावून काय राहायचं? त्यापेक्षा आपलं ईलिंग काय वाईट?" फोर्ट विल्यम मागे टाकून आम्ही एका अरुंद रस्त्याला लागलो. एकच गाडी मावेल एवढा रस्ता. समोरून कुणी आलं की एकाने बाजूच्या खाचेत थांबायचं आणि जाणाऱ्याने हात वर करून आभार मानायचे. वसंतला त्या हात वर करण्याचं फार कौतुक वाटलं. "सिव्हिलाइज्ड लोक आहेत बघ," तो दर वेळी म्हणायचा.

तळं सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. काळंभोर पाणी, पलीकडे तांबूस डोंगर, त्यावर पांढरे ठिपके म्हणजे मेंढ्या. वीज नाही, नळ नाही, माणूस नाही. फक्त मिज नावाच्या बारीक माश्या होत्या. त्या ढगासारख्या येतात आणि केसांच्या मुळाशी चावतात. त्या संध्याकाळी पिठलं मी केलं. स्वयंपाकाची मला पहिल्यापासून आवड. ईलिंगच्या त्यांच्या स्वयंपाकघरातही मटण करायला मलाच बोलवायचे. भाकरी मी थापल्या, सुशीलाने भाजल्या, आणि नलिनी म्हणाली, "प्रकाशभाऊजी, तुमच्या हातची चव आमच्या हातांना नाही हो." चौघंही बोटं चाटत जेवलो. माझ्या हातचं ते शेवटचं जेवण असं मी आता म्हणतो. तेव्हा ते त्या प्रवासातलं पहिलं होतं.

सकाळी नलिनी संडासातून बाहेर आली ती घाबरलेली. "अहो, लाल दिवा लागलाय!"

आम्ही सगळे हसलो. वसंतने तांब्याचा हिशेब मांडला आणि तो आणखी हसला. पण उठायचं नाव कुणी काढेना. मी उठलो, कारण नळी कशी फिरवायची ते मला माहीत होतं. त्यात मला काही गैर वाटलं नाही.

पण ओतायची कुठे? निळं औषध तळ्यात किंवा ओढ्यात ओतणं म्हणजे मासे मारणं. खड्डा खणून पुरायचं तरी तेच. वाटेत एक शेत होतं, तिथल्या बाईंना मी विचारलं. बाई भल्या होत्या, पण मान हलवत म्हणाल्या, "आमच्याकडे सेप्टिक टँक आहे. तुमचं निळं त्यात गेलं तर टँक मरेल." त्यांनी दहा मैलांवरच्या गावातली कॅम्पसाइट सांगितली. म्हणजे वस्ती नको म्हणून जिथे आलो, तिथून रोज वस्तीत जाणं आलं. त्यासाठी अख्खं घर आवरायचं, कपबशा कपाटात घालायच्या, शेगडी बंद करायची आणि चौघांनी निघायचं. गाडी एकच होती.

कॅम्पसाइटवर ओतण्याच्या जागेला चक्क रांग होती. माझ्यापुढे एक निवृत्त साहेब उभे होते. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट आणि हातात आपली पेटी. "आज खरं तर मार्गारेटची पाळी होती," ते म्हणाले, "पण तिचं क्रॉसवर्ड अडलंय." माझी पेटी जड दिसली तसं त्यांनी माझ्यासाठी नळ धरला. कुणी नाकाला रुमाल लावलेला नव्हता. हवेबद्दल बोलत, गुड मॉर्निंग करत प्रत्येकजण आपापली पेटी आणत होता आणि नेत होता. मला हा देश त्या रांगेत जेवढा आवडला तेवढा इतर कुठे आवडला नाही.

परत आलो तेव्हा इंजिन चालू होतं. वसंत स्टिअरिंगवर, दोघी आत. मी साबणाने कोपरापर्यंत हात धुवून आलो होतो.

पीठ

त्या दुपारी मी परातीत पीठ घेतलं तसं नलिनीने परात हलकेच ओढून घेतली. "राहू द्या भाऊजी, दमला असाल. मी भिजवते."

मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कांदा चिरायला घेतला तर सुरी हातातून गेली. "तुम्ही बसा हो, तळ्याकडे बघा." तिसऱ्या दिवशी मी डाव धरला तर तिने तो माझ्या हातातून घेतला आणि गाडीतल्या नळाखाली धुतला. तोवर आणखी एक सोय झाली होती. पिकनिकसाठी आणलेल्या कागदी ताटल्यांचं पाकीट फुटलं होतं. "भाऊजींना कागदी ताटली देते, म्हणजे त्यांना धुवायला नको," नलिनी म्हणाली. आम्हा चौघांच्या ताटल्या मी कधीच धुतल्या नव्हत्या, त्या सुशीला धूत होती, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

रोज लाल दिवा लागायचा, रोज वसंत गाडी काढायचा आणि रोज मी उतरायचो. एकदा मी सहज म्हटलं, "आज तू जा ना."

"अरे, मी गेलो असतो रे," वसंत म्हणाला, "पण माझे हात पेशंटच्या तोंडात जातात. काही इन्फेक्शन घेऊन परत गेलो तर? तुझं बरं आहे, तुझ्या हातात खडू." आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "शिवाय तुला आता सवय झालीय. यू आर द एक्स्पर्ट!"

मी हसलो. हसण्याची मला सवय होती, ती मात्र जुनी.

संध्याकाळी सुशीला आणि मी काठाने फिरायला गेलो. पाऊस थांबला होता. डोंगर पहिल्यांदाच माथ्यापर्यंत दिसत होते आणि पाण्यात त्यांची उलटी रांग पडली होती. तेवढ्यात सुशीला म्हणाली, "तुमच्या लक्षात आलंय का?"

"काय?"

"नलूताई तुम्हाला कशालाच हात लावू देत नाहीत."

"अगं, मी ती पेटी उचलतो ना. हायजीन असतं. डॉक्टरचं घर आहे ते."

"हात धुता की तुम्ही."

"तू उगीच गावचं इथे आणू नकोस," मी चिडून म्हणालो. "वसंत तसा नाही."

"मी वसंतभाऊजींचं कुठे म्हणतेय?" ती म्हणाली. थोडं चालून गेल्यावर पुढे म्हणाली, "ते बघत असतात, एवढंच."

मी तिच्यावर रागावलो तो तिने डोंगर बिघडवले म्हणून. पण त्या रात्री माझ्या डोक्यात एक भलताच विचार आला. आमच्या घराण्याने मेलेली जनावरं ओढली, गावाचे निरोप पोचवले, वेशीवर राखण केली. मैला कुणी वाहिला नव्हता. ज्यांच्यावर ती वेळ लादली गेली त्यांना मी कमी लेखत नाही, पण आमच्या वाट्याला तेवढं आलं नव्हतं. मग ते राहिलेलं काम करायला मी बी.एस्सी. होऊन, समुद्र ओलांडून, भाड्याची गाडी घेऊन आलो होतो का? लगेच मी स्वतःलाच दटावलं. निवृत्त साहेबसुद्धा पेटी उचलतात. पेटी म्हणजे पेटी. वसंत माझा मित्र आहे, आणि हे खोटं निघालं तर सतरा वर्षांचं मी काय करू, तेच मला कळेना. म्हणून ते खोटं निघू नये यासाठी मी धडपडत होतो. पेटी उचलण्यापेक्षा ते काम जड होतं.

ओले दगड

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या काठी दगडांवरून घसरलो. शेवाळ होतं. पडताना हात टेकला आणि उजवं मनगट टम्म सुजलं. वसंतने ते दाबून, फिरवून बघितलं. "मोडलं नाहीये, मुरगळलंय," म्हणाला आणि टी-टॉवेल फाडून छान बँडेज बांधून दिलं. तो मायेनेच बांधत होता, यात मला आजही शंका नाही.

आणि लाल दिवा लागलेला होता.

सुशीला उठायला लागली तसं मी तिचा पदर धरला. तिने माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. वसंतने एकदा बायकोकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर. "ऑल राइट, ऑल राइट," तो म्हणाला, "आज मी."

कॅम्पसाइटवर मी त्याच्याबरोबर उतरलो आणि नळी कशी फिरवायची, बटण कुठे दाबायचं ते लांबून सांगितलं. त्याने बटण उशिरा दाबलं. गुडगुड झाली, बुटावर उडलं, त्याने देवाचं नाव घेतलं. रांगेतल्या एका बाईंनी त्याला टिश्यू दिला. विसळून, निळं घालून त्याने पेटी बसवली, मग आंघोळीच्या खोलीत जाऊन हात धुतले आणि लढाई जिंकून आल्यासारखा गाडीत शिरला. मला खरोखर हसू येत होतं. सतरा वर्षांतला तो सगळ्यात चांगला क्षण होता असं म्हटलं तरी चालेल. मनात म्हटलं, बघ सुशीला, उचलली की नाही त्याने!

"दमलात ना?" नलिनी त्याला म्हणाली. "चहा टाकते. नाही तर इथेच जेवून घेऊ या."

जेवायला दहीभात होता. भात सकाळचाच, पातेल्यात गार झालेला. नलिनीने त्यात दही घातलं, मीठ घातलं, मिरचीची फोडणी घातली आणि पातेलं वसंतच्या पुढे सरकवलं.

"अहो, भात तेवढा कालवा. हातानेच कालवा, चमच्याने मिळून येत नाही."

वसंतने बाही वर केली आणि भातात मनगटापर्यंत हात घातला. मोठ्या आवडीने, गुठळ्या फोडत तो भात कालवत होता. नलिनीने वाकून त्याच्या बोटांवरचा थोडा भात चाखला. "मीठ बरोबर आहे," म्हणाली. मग तिने ताटल्या काढल्या. स्टीलच्या तीन आणि पाकिटातून एक कागदी.

मी त्या हाताकडे बघत होतो. गोरा, स्वच्छ, नखं नीट कापलेला डॉक्टरचा हात. पेटी तीच, साबण तोच, नळही तोच.

"वसंत," मी म्हणालो, "हात धुतलेस ना?"

"म्हणजे काय! दोनदा धुतले. आय ॲम अ डेंटिस्ट, यार."

"मीही धूत होतो," मी म्हणालो. "रोज."

त्याचा हात भातात थांबला. नलिनी ताटल्या घेऊन तशीच उभी राहिली. तिचा चेहरा पडला, आणि मला वाटतं तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. आपण काय करत होतो ते तिलाही त्याच क्षणी कळलं असावं. तिच्यावर मला राग धरता आला नाही. मी वाट बघत होतो ती वसंतची. त्याने बायकोकडे बघून एवढंच म्हणायला हवं होतं, "नलू, हे काय?" तेवढ्यावर मी ताटली बदलून मागितली असती, दहीभात खाल्ला असता आणि उरलेले दिवस डाव्या हाताने पेटी उचलली असती. मला त्याच्याकडून माफी नको होती, मला तो हवा होता.

वसंतने माझ्या बँडेजकडे बघितलं. मग पातेल्याकडे बघितलं.

"तू भलतंच काहीतरी मनावर घेतोस," तो म्हणाला. "चल, आधी खाऊन घेऊ. भात गार होतोय."

दहीभात गरम कधी असतो? पण हे मी त्याला म्हणालो नाही. सतरा वर्षं मी ज्याच्यापुढे शब्द तोलले नव्हते, त्याच्यापुढे मी एक-एक शब्द गिळत बसलो होतो.

सुशीला उठली. तिने नलिनीच्या हातातली वरची स्टीलची ताटली घेतली, पुसून कपाटात ठेवली. मग सीटखालून आमची बॅग ओढली, तिच्यात माझा स्वेटर घातला, तिची चप्पल घातली, खिडकीत वाळत टाकलेला टॉवेल काढून घडी केला.

"सुशीला, अगं बस, जेव तरी," नलिनी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"नको नलूताई," सुशीला शांतपणे म्हणाली, आणि माझ्या धड हाताला धरून मला उठवलं. "चला. इथून फोर्ट विल्यमची बस आहे दुपारी, तिथून ट्रेन मिळते. मी कॅम्पसाइटच्या वॉर्डनला कालच विचारून ठेवलंय."